आजी वडारीत विचारते, नातू मराठीत सांगतो

प्रश्न असा आला आहे: विचारणारा तरुण पुण्याच्या वडारवाडीत वाढलेला, आता हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कामावर. घरी आजी, वय अठ्ठ्याहत्तर, वडारी म्हणजे वडार समाजाची बोली बोलते. आईवडील आपसांत कधी वडारी, कधी मराठी. याला सगळं कळतं पण बोलता येत नाही, धाकट्या बहिणीला धड कळतही नाही. हाताशी रविवार आणि पंधरा हजार रुपये आहेत. पाच हजार शब्दांचा कोश असलेलं ॲप करावं, जमल्यास वडारीसाठी वेगळी लिपीही घडवावी, असा बेत आहे. सुरुवात कुठून करू? घरचेच म्हणतात 'काय उपयोग', त्यांना काय सांगू? आणि शेवटी कंसात एक ओळ आहे, आजीला हल्ली कमी ऐकू येतं.

ॲप आत्ता नको, लिपी कधीच नको, आणि आजी याच रविवारपासून. कारणं सांगते. उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी अठ्ठावीस वर्षं बोलींच्या नोंदी करतेय. सुरुवात मेळघाटात कोरकूपासून झाली, मग यवतमाळकडे कोलामी, आणि गेली बारा-पंधरा वर्षं पुण्याच्या आसपासच कैकाडी, वडारी, वैदूंची बोली. यातली पहिली बरीच वर्षं मी चुकीच्या गोष्टी गोळा करण्यात घालवली, म्हणून कुठे आवाज चढलेला वाटला तर तो माझ्यावरच आहे असं समजा.

आधी वहीचं काम. येत्या रविवारी मोबाइल खिशातच राहू द्या. शंभर पानी वही घ्या आणि सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत घरात बसून एवढंच टिपा: कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोललं, आणि उत्तर कोणत्या भाषेत आलं. वाक्य लिहायची गरज नाही. 'आजी आईला, व. आई आजीला, व. आजी मला, व. मी आजीला, म.' व म्हणजे वडारी, म म्हणजे मराठी. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरगा हिशेब कसला मांडतोय म्हणून सगळे सावरून बोलतील. तसे ते पहिला अर्धा तास बोलतीलच. नंतर विसरतात.

दोन तासांत एक गोष्ट दिसेल. आजी वडारीत विचारते, जेवलास का. तुम्ही म्हणता, "हो, आत्ताच." आणि तिचं पुढचं वाक्य मराठीत येतं. तिने भाषा बदलायची असं काही ठरवलेलं नसतं, तुमच्या उत्तराच्या मागोमाग ती चालत आलेली असते. दिवसाला असे वीस-तीस प्रसंग होतात. तुम्ही लहान असताना कधीतरी पहिल्यांदा असं उत्तर दिलंत, कोणी टोकलं नाही, आणि तेव्हापासून तुमच्या दोघांमधलं बोलणं दर वेळी दुसऱ्या वाक्याला मराठी होत आलं. भाषा घरातून जाते ती बहुतेक वेळा या वाटेने. बंदी कोणी घालत नाही. विचारणारा एका भाषेत विचारतो आणि उत्तर दुसऱ्या भाषेत येतं. माझ्या कामात मी आता दुसरं फारसं काही बघत नाही, उत्तर कशात येतंय तेवढं बघते.

वहीत अजून एक सापडेल. ज्या घरांत मी अशी बसले तिथे जुनी भाषा ठरावीक कोपऱ्यांत तग धरून होती: तान्ह्या बाळाशी बोलताना, शेळ्या-कोंबड्यांना हाकताना, गिऱ्हाइकासमोर आपसांत भाव ठरवताना, मयताच्या घरी रडताना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे शिव्या घालताना. तुमच्या घरी ती कुठे आहे ते तुमची वही सांगेल. काम तिथूनच सुरू करायचं, कारण तिथे ती कोणी मुद्दाम आणलेली नाही.

आता आकड्यांचं. 'वडारी बोलणारे अजून पुष्कळ आहेत, मग काळजी कसली' असं कोणी म्हणेल. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात. जगातल्या कोणत्याच भाषाकुळात ती बसत नाही, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. दोन, तीन, चार हे तिचे शब्द द्राविडी वळणाचे, आणि पाचपासून पुढे हिंदी-मराठीतून घेतलेले. तिच्याशेजारी वडारी धट्टीकट्टी दिसते हे खरंच आहे. पण पिंपरीत सिंधी बघा. फाळणीनंतर आलेल्या लोकांनी कॅम्पात वसवलेली वस्ती. सिंधी १९६७ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आहे, तिला लिखित साहित्य आहे, अरबी वळणाच्या लिपीत लिहावं की देवनागरीत यावर दशकानुदशकं वाद घालणारे विद्वान आहेत. त्या पिंपरीत मी ज्या घरांत बसले तिथे दादी सिंधीत विचारते आणि नातू हिंदीत नाहीतर मराठीत उत्तर देतो. अनुसूचीत नाव आल्याने माजघरातलं उत्तर बदलत नाही.

सरकारदरबारी तुमची भाषा कुठे आहे तेही सांगून टाकते, म्हणजे तिकडे वाट बघत बसणार नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावं १९,५६९ होती. छाननीनंतर त्यातल्या १,३६९ मातृभाषा धरल्या गेल्या आणि त्या १२१ भाषांखाली बसवल्या. या वाटणीत वडारी तेलुगूखाली जाते, कैकाडी तमिळखाली, आणि बंजारा चक्क हिंदीखाली. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानामार्फत २०१३ पासून धोक्यातल्या भाषांची योजना चालते, पण ती दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांसाठी. वडारी तिच्यात बसत नाही, म्हणजे योजनेसाठी मोठी आणि शाळेसाठी लहान. तरी एक काम फुकटात होतं. मोजणी करणारा दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात माणशी काय लिहिलं जातंय ते बघा. घरात शिरल्याशिरल्या 'मराठीच ना?' असं विचारून सगळ्यांचं एका फटक्यात लिहिणारे मी पाहिलेत. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती, अशी व्याख्या आहे. बाकी येणाऱ्या भाषा वेगळ्या लिहायची सोय असते, त्यामुळे मराठी सोडल्यासारखंही होत नाही.

आता माझी चूक, कारण तुम्ही नेमके त्याच वाटेने निघाला आहात.

१९९८ साली मी धारणी तालुक्यातल्या एका पाड्यावर कोरकू शब्द गोळा करत होते. हातात दोनशे शब्दांची ठरलेली यादी: हात, डोकं, पाणी, चंद्र, एक, दोन. सोबत कॅसेट रेकॉर्डर आणि मोजून सहा कोऱ्या कॅसेटी. सांगणारी म्हातारी मोठी गोष्टीवेल्हाळ. मी 'पाऊस' विचारला की ती एक शब्द सांगायची आणि मग कुठल्याशा वर्षी पाऊस किती पडला, कोणाचा बैल वाहून गेला, ते सुरू व्हायचं. ते सुरू झालं की मी रेकॉर्डर बंद करायचे. टेप वाचवायला. गोष्ट संपली की पुन्हा चालू, पुढचा शब्द. चार दिवसांत दोनशे शब्द झाले, माझा प्रबंध झाला, म्हातारी पुढे दोन वर्षांत गेली.

तेरा वर्षांनी तिचा नातू मला शोधत पुण्याला आला. आश्रमशाळेत शिकून कुठेतरी नोकरीला लागला होता. आजीचा आवाज आहे का, एवढंच त्याचं विचारणं. होता. मी कॅसेट लावली. एक शब्द, शांतता, खट्. दुसरा शब्द, शांतता, खट्. त्याने सगळं ऐकलं, चाळीस मिनिटं. मग म्हणाला, "मॅडम, ही आजी बोलतेय असं वाटत नाही. परीक्षा देतेय असं वाटतं." 'चंद्र' या शब्दानंतर एका ठिकाणी ती हसायला लागते आणि तेवढ्यात खट् होतं. तो तेवढा तुकडा त्याने तीनदा लावायला सांगितला.

म्हणून म्हणते, पाच हजार शब्दांचा कोश नको. सुट्या शब्दांतून कोणी बोलायला शिकत नाही. आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावरची मॅन्क्स भाषा घरात शिकलेला शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली गेला. पण त्याआधी, १९४८ मध्ये, आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने तिथल्या म्हाताऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं, आणि बेटावरचे काही तरुणही या म्हाताऱ्यांकडे जाऊन बोलत बसायचे. त्या बोलण्यावर पुढची पिढी भाषा शिकली. २००१ मध्ये मॅन्क्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. पुढे युनेस्कोने मॅन्क्स मृत म्हणून जाहीर केली, तेव्हा शाळेतल्या मुलांनी मॅन्क्समध्येच पत्र लिहून विचारलं की मग हे आम्ही कोणत्या भाषेत लिहितोय. नोंद बदलावी लागली.

तेव्हा तुमचं पहिल्या वर्षाचं ध्येय दहा तासांचं सलग बोलणं. याद्या करू नका. 'आजी, गोष्ट सांग' असंही म्हणू नका. तसं म्हटलं की माणसं आकाशवाणीवर बसल्यासारखी बोलायला लागतात. आजीच्या समोर तिची बहीण, जाऊ, जुनी शेजारीण, कोणीतरी वडारीच बोलणारं आणून बसवा आणि तुम्ही जरा बाजूला व्हा. तुम्ही समोर बसलात तर ती तुमच्यासाठी मराठीत येणार, वहीत दिसलंच ते.

हातात काम असलं तर अजून चांगलं. वाघोलीच्या खाणींवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या काकांना मी ऑफिसात टेबलावर बसवून हत्यारांची, दगडाची नावं विचारली होती. पहार, घण, सुतकी, छन्नी, टाकी, असे सगळे मराठीतही चालणारे शब्द आले, आणखी चार-सहा त्यांचे, आणि गाडी अडली. पुढच्या वेळी त्यांच्याच दारात एक जुना, गुळगुळीत झालेला पाटा ठेवला आणि टाकी लावून मागितली. उकिडवे बसले, दोन टोले घातले, आणि तोंड सुरू झालं. टोला कुठे बसला, चीर कशी धरते, दगड आतून पोकळ वाजतो तेव्हा काय म्हणतात, सरळ फुटणारा दगड कोणता आणि हातात भुगा होणारा कोणता. पाऊण तासात माझी वही भरली. शब्द मी इथे देत नाही. ते त्यांनी समाजापुरते ठेवायला सांगितलेत, त्यावर पुढे येते. पाट्याला टाकी मात्र सुरेख लागली, अजून वापरते.

रेकॉर्डिंगचं तंत्र तुम्हाला मी काय सांगणार, तरी चार खाचखळगे. फोनमधल्या साध्या रेकॉर्डरऐवजी वेव्ह फाइल करणारं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्‌झ, जमलं तर २४ बिट. फोन विमान मोडवर. कॉलरला लावायचा तारेचा माइक हजार-बाराशेत मिळतो, दोन घ्या, कारण बोलणारी माणसं दोन आहेत. फोन टेबलावर ठेवू नका, टेबलावरचा पेला हलला तरी आवाज येतो. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. पंखा बंद, कुकर नंतर, टीव्ही शेजारच्यांचासुद्धा बंद करून मागा. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात रेकॉर्डिंग होत नाही, तो नाद सोडा. फाइल व्हॉट्सॲपने पाठवू नका. आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय हे स्वतःच्या आवाजात सांगा. फाइलचं नाव बदलतं, वही हरवते, पण आतला आवाज तिथेच राहतो. उरलेल्या पैशांच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरी, एक दुसऱ्या घरात. पानशेतचा पूर ऐकून माहीत असलेल्या शहराला हे सांगायला नको.

लिहून काढायला ईलान नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आवाजाच्या पट्टीखाली ओळीओळीने लिहिता येतं: वरची ओळ वडारी, खालची मराठी. एका तासाच्या बोलण्याला मला तीस-चाळीस तास लागतात. आजीला शेजारी बसवून करा. 'इथे तू काय म्हणालीस' हे ती हयात असतानाच विचारता येतं. माझ्याकडे आवाज आहेत, पण ते समजावून सांगणारं आता कोणी नाही, अशा कॅसेटी कपाटभर आहेत.

संमतीचा मुद्दा इतरांना कागदी वाटतो, तुमच्या बाबतीत तसा नाही. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्याच्या पुढच्या आवृत्त्या, आणि १९५२ मध्ये तो रद्द झाल्यावर 'विमुक्त' असं लागलेलं नाव, हे तुमच्या घरच्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार, कैकाडी दोन्ही आहेत. भटक्या-विमुक्तांमध्ये पारुशी म्हणून जी सांकेतिक बोली चालते, ती पोलीस-पाटलाला कळू नये म्हणूनच चालत आली. बाहेरच्याला न कळणं हेच ज्या बोलण्याचं काम, ते मी नेटवर चढवलं तर मी काय जपलं? एका वस्तीत मला एका बाईंनी सरळ सांगितलं, "ताई, आमची भाषा आम्ही विसरू, पण तुम्हाला नाही देणार." मी वही मिटली. त्यांचं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. बरोबरच्या कोणी म्हणालं, संशोधनाचं नुकसान झालं. झालं असेल.

तेव्हा प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा, वडारीतच, आणि उत्तरही रेकॉर्ड करा: हे घरापुरतं ठेवायचं, समाजापुरतं, की सगळ्यांसाठी? नाव घालायचं की नाही? आणि उद्या मन बदललं तर काढून टाकू, हे त्यांना नीट कळलं का? आजीच्या भावना दुखावतील म्हणून हे टाळू नका. म्हाताऱ्या माणसांना कोणी परवानगी विचारली की बरंच वाटतं, त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

तुमच्या आधी कोणी काही केलंय का, तेही बघून ठेवा. ब्रिटिश काळात झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ सालच्या, वडारी आणि कैकाडी दोन्हींचे नमुने आहेत. सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना म्हणजे बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर. तीच गोष्ट हिंदुस्थानच्या बहुतेक भागांतून सांगून घेतली होती. मूळ गोष्टीत मुलगा परत आला म्हणून वासरू कापतात, आणि इथल्या लोकांना खटकू नये म्हणून गोष्टीत थोडे शाब्दिक फेरफार करून घेतले होते. गंमत आहे, पण शंभर वर्षांपूर्वीची क्रियापदं मिळतात. आजीला वाचून दाखवा. 'असं कोण बोलतं' म्हणून ती दुरुस्त करायला लागेल आणि तुम्हाला अर्धा तास फुकट मिळेल. येरवड्याला डेक्कन कॉलेजात एकदा चक्कर मारा. तिथे मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण झालंय, गावोगावचे ध्वनिनमुने लिप्यंतरासह नेटवर ऐकता येतात, ते कसे मांडलेत ते बघण्यासारखं आहे. आणि भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा मराठी खंड पाहा, भटक्या-विमुक्तांच्या बोलींवर त्यात लेख आहेत.

लिपी. संताळीसाठी रघुनाथ मुर्मूंनी १९२५ च्या सुमारास ओल चिकी घडवली आणि ती रुजली, हे उदाहरण तुम्ही देणार हे मला माहीत आहे. तिच्यामागे लाखो माणसांची चळवळ आणि कित्येक दशकं होती. तुमच्यापाशी रविवार आहेत. आईला देवनागरी वाचता येते, देवनागरीतच लिहा. अडचण एकच येऊ शकते. तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही, मराठीत तो भेद नाही. वडारी तेलुगूच्याच घरातली. तुमच्या आजीच्या बोलण्यात हा फरक शाबूत आहे का ते ऐकून ठरवा. असला तर युनिकोडच्या देवनागरीत ऎ आणि ऒ ही अक्षरं याच कामासाठी आहेत, मात्रांसकट. कीबोर्ड शोधायला लागेल, तेवढं तुम्ही कराल.

आता खरं अवघड. बोलायचं.

कॅलिफोर्नियात मूळ रहिवाशांच्या भाषा जेव्हा चार-पाच म्हाताऱ्यांपुरत्या उरल्या, तेव्हा १९९०च्या दशकात तिथे एक साधी पद्धत निघाली. एक जाणती व्यक्ती, एक शिकणारी, आणि आठवड्याला दहा-वीस तास दोघांनी फक्त त्या भाषेत राहायचं. धडे नाहीत, व्याकरण नाही. भाजी निवडायची, कपडे वाळत घालायचे, दुकानात जायचं. अडलं तर हातवारे करायचे, पण इंग्रजीत जायचं नाही. तुम्हाला दहा तास जमणार नाहीत. रविवारी दोन तास धरा. तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही, तुम्हाला कळतं. कानात सगळं आहे, जीभ तेवढी वळत नाही.

पहिले सहा आठवडे फक्त उत्तरं. ती विचारेल जेवलास का, तुम्ही वडारीत सांगा, चुकीचं सांगा, क्रियापद उलटं लावा, पण मराठीत सांगू नका. सगळे हसतील. बहीण तर व्हिडिओ काढेल. आजीला मात्र घरच्यांनी एक सांगायला हवं, की हसली तरी चालेल पण मराठीत वळायचं नाही. हे तिला जड जाईल, प्रेमापोटीच. नातवाची जीभ अडली की आज्या लगेच सोपं करून देतात. माझ्या माहितीतल्या एका कैकाडी घरात यावर उपाय म्हणून आजीच्या हातात चमचा दिला होता. नातू मराठीत बोलला की ताटावर चमचा वाजवायचा. चौथ्या दिवशी आजी स्वतःच मराठीत बोलली आणि नातवाने तो हिसकावून वाजवला. त्या घरात आता जेवताना तरी मराठी ऐकू येत नाही.

बहिणीला यात ओढू नका, ती येईल तेव्हा येईल. वस्तीत अंगणवाडी असेल आणि सेविका ओळखीच्या असतील, तर आठवड्यातून एक तास आजी आणि तिची मैत्रीण तिथे जाऊन बसल्या तर बघा. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ पासून नेमकं हेच केलं: शाळेआधीच्या पोरांना आज्यांच्या ताब्यात द्यायचं आणि तिथे माओरीच बोलायची. मधली पिढी भाषा विसरली होती, तिला ओलांडून गेले. तुमच्या अंगणवाडीत कागदोपत्री काही करायला जाल तर अडकाल. आज्या पोरांना खेळवायला येतात, एवढंच म्हणा.

घरच्यांच्या 'काय उपयोग'वर वाद घालू नका. त्यांच्या प्रश्नाच्या मागे दुसरीच गोष्ट असते. तुमच्या आईला शाळेत तिच्या बोलण्यावरून कोणीतरी काहीतरी म्हटलेलं असतं, आणि ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने तुमच्याशी मराठी धरली. ती भाषा विसरली नव्हती, तुम्हाला सांभाळत होती. हे एकदा तिला सावकाश विचारा, रेकॉर्डर न लावता. पोरांचं मराठी-इंग्रजी कच्चं राहील ही भीती असेल, तर तुमच्या आजीकडे बोट दाखवा. शाळेचं तोंड न बघता कामाच्या ठिकाणी मराठी, हिंदी, कदाचित कानडीही आणि घरी वडारी, असं तिने आयुष्यभर चालवलंय. चार वर्षांच्या पोराला तीन भाषा जड होत नाहीत, जड होते ती लाज.

ॲपचं दोन वर्षांनी बघू. दहा तासांचं बोलणं लिहून झालं की त्यातूनच दीड-दोन हजार शब्द निघतील, वाक्यांसकट, आजीच्या आवाजासकट. तेव्हा कोश करा, मी बसेन तुमच्याबरोबर.

आणि ती कंसातली ओळ. तुम्ही शेवटी लिहिलीत, मी असते तर पहिली लिहिली असती. कमी ऐकू येणारं माणूस कमी बोलतं, तुटक बोलतं, आणि समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून मान डोलावून सोडून देतं. आम्ही कित्येकदा अशा म्हाताऱ्यांबद्दल 'भाषा विसरत चालले आहेत' असं लिहून मोकळे झालो आणि नंतर कळलं की ऐकूच येत नव्हतं. माइक आणि हार्ड डिस्क थांबू द्या. या आठवड्यात ससूनच्या कान-नाक-घसा विभागात नेऊन कान तपासून घ्या, कधी नुसता मळ निघतो. मशीन लागणार असेल तर तुमचे पंधरा हजार आधी तिकडे घाला. मशीन बसवल्यावर पहिले काही दिवस ती ते काढून उशीखाली ठेवेल, घरभर भांडी वाजतात म्हणेल. रोज थोडा वेळ घालायला लावा, बॅटऱ्या जास्तीच्या आणून ठेवा, आणि ते कानात घालताना तिच्याशी काय बोलायचं ती चार वाक्यं आईकडून वडारीत शिकून घ्या.